एस्पोसितो: एका आडनावाच्या शोधाच्या नोंदी

12 मे 2024

आजपासून वही. भाची उत्तर इटलीत तोरिनोत (ट्युरिन) राहते, तिचा नवरा एस्पोसितो. सप्टेंबरात बाळ यायचं आहे आणि बारशाला तिला एक कागद हवाय, बाळाच्या दोन्ही आडनावांची माहिती देणारा, दोन्ही घरच्यांना वाचता येईल असा. आमच्याकडची बाजू अर्ध्या तासात होईल. कुलवृत्तांत छापलेला आहे, आडनाव ‘कर’वालं आहे, गाव अजून जागेवर आहे. इटलीकडची बाजू माझ्या गळ्यात. “मावशी, तुझी सगळी नोकरी जुनी दप्तरं वाचण्यात गेली, तूच कर.” भूमी अभिलेखमधली नोकरी अशी निवृत्तीनंतरही उपयोगी पडते.

भाचेजावयाला फोनवर विचारलं, घरात काय सांगतात? आजोबा म्हणायचे, घराणं मोठं होतं, लढाईत पुढे उभं राहणारे म्हणून ‘एस्पोसितो’. त्यांच्याकडे चौकटीत लावलेलं एक कुलचिन्हही आहे, ढाल आणि सिंह असलेलं, कुठल्याशा दुकानातून घेतलेलं. सिंह बघूनच मला शंका आली.

15 मे

अर्थाला फार खणावं लागलं नाही. लॅटिन ‘एक्स्पोसितुस’, बाहेर ठेवलेला. प्राचीन रोममध्ये नको असलेलं मूल उघड्यावर ठेवून देत, त्या कृतीसाठीच हे क्रियापद वापरलं जाई. पुढे चर्चच्या आणि अनाथालयांच्या नोंदवह्यांत तोच शब्द सापडलेल्या मुलाच्या नावापुढे येऊ लागला. आधी तो शेरा होता, नंतर आडनाव झालं. लढाईबिढाई काही नाही.

इटलीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांच्या यादीत रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांच्या पाठोपाठ एस्पोसितो येतं. रोस्सी-रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचा, फेर्रारी म्हणजे लोहार. केसांचा रंग आणि धंदा गावोगाव असतोच, तेव्हा त्या नावांची गर्दी समजते. एस्पोसितोची गर्दी मात्र मुख्यतः दक्षिणेकडच्या एकाच भागात आहे, नापोली (नेपल्स) आणि भोवतालचा काम्पानिया प्रांत. एवढी माणसं एका पूर्वजाची नक्कीच नाहीत. म्हणजे एस्पोसितो नावाचं घराणंच नाही, आणि दुसऱ्या एस्पोसितोशी नातं असेलच असं धरता येत नाही. कुलवृत्तांताची आपली सगळी रीत इथे पहिल्याच पायरीवर अडते. मूळपुरुष शोधायचा, तर तो कुठला?

जगभर माहीत असलेले एस्पोसितो पुष्कळ. 1889 साली मार्गेरिता राणीसाठी पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो नापोलीचा राफाएले एस्पोसितो. (त्या कथेबद्दल इतिहासकारांना शंका आहेत, पण आपल्या गल्लीतल्या पिझ्झावाल्याला नाहीत.) कॅनडाचा आइस हॉकीपटू फिल एस्पोसितो. अमेरिकन अभिनेता जियानकार्लो एस्पोसितो, वडील नापोलीचे.

16 मे

उच्चाराची टीप. भार ‘पो’वर. नापोलीत मधला ‘स’ स्वच्छ स, उत्तरेत त्याचा झ होतो. भाचेजावई स्वतःला ‘एस्पोझितो’ म्हणतो, त्याच्या आजोबांच्या तोंडी ‘एस्पोसितो’. मी आजोबांच्या बाजूने.

23 मे

अन्नुन्झियाता. सगळं तिथेच येऊन थांबतं, म्हणून दोन-तीन दिवस हेच वाचते आहे.

नापोलीच्या जुन्या शहरात फोर्चेल्ला भागाजवळ चर्च, इस्पितळ आणि अनाथालय असं हे एकत्र संस्थान. सुरुवात चौदाव्या शतकातली. बाहेरच्या भिंतीत एक चौकोनी भोक आणि त्याच्या आत लाकडी पिंप, उभ्या आसावर फिरणारं. इटालियनमध्ये त्याला ‘रुओता’, चाक, म्हणतात. बाहेरून मूल पिंपात ठेवायचं, पिंप आत फिरवायचं. आतल्या बाईला मूल मिळे, बाहेरचं माणूस दिसत नसे. मूल उचललं की आंघोळ, बाप्तिस्मा, नोंद आणि गळ्यात शिशाचा बिल्ला. तो बिल्ला गेला की मुलाची ओळख गेली. चाक आणि ती दगडी न्हाणी अजून तिथे बघायला मिळते. भोक मुद्दाम लहान ठेवलं होतं, तरी लोक मोठी मुलंही तेल लावून आत सरकवत, असं तिथे सांगतात.

नापोलीतलं हे चाक 1875 साली बंद झालं. देशभरातली चाकं कायद्याने रद्द व्हायला 1923 उजाडलं.

आत आलेल्या मुलांना शहर ‘मादोन्नाची लेकरं’, म्हणजे मेरीमातेची, म्हणे. तुच्छतेने नव्हे, निदान नेहमी नव्हे. संस्थेत दुधाच्या दाया कमी आणि मुलं फार, म्हणून बरीच मुलं खेड्यांतल्या दायांकडे पाठवत. पुष्कळ मुलं वर्षही काढत नसत. जी जगली त्यातली काही त्याच घरात राहिली, शेतावर लागली, लग्नं केली. आडनाव एका भिंतीतून निघून अख्ख्या प्रांतात पसरलं ते असं. मुलींना संस्था हुंडा देऊन उजवीत असे. मात्र मुली आपलं आडनाव पुढच्या पिढीला देत नसत, म्हणजे आज आहेत ते एस्पोसितो मुख्यतः जगलेल्या मुलग्यांचे वंशज.

24 मे

कालची नोंद वाचताना फुले आठवल्याशिवाय राहवलं नाही. पुण्यात 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नापोलीचं चाक बंद झालं त्याच साली, 1875 मध्ये, पंढरपुरात तसंच गृह सुरू झालं. अडचण दोन्हीकडे तीच, लोकांच्या तोंडाची भीती. पण चाकाची सगळी रचना आई दिसू नये यासाठी होती आणि फुल्यांनी आईलाच दार उघडलं: इथे येऊन बाळंत हो, मूल ठेव किंवा ने. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. नापोलीत मुलाला नाव मिळालं ते घटनेचं, कोणा माणसाचं नव्हे. मला पुण्याची रीत जास्त माणुसकीची वाटते. तुलना कागदावर घालणार नाही, बारशाला ती जड होईल. वहीत राहू दे.

2 जून

भाचेजावयाचा प्रश्न: नापोलीतच असं का? इतर शहरांत मुलं टाकत नव्हते का?

टाकत होते. प्रत्येक शहराने आपला शब्द चिकटवला, एवढंच.

फ्लोरेन्स: ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती, म्हणजे निष्पापांचं रुग्णालय. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाचा पैसा, ब्रुनेलेस्कीचा आराखडा, बांधकाम 1419 पासून. पहिलं मूल 5 फेब्रुवारी 1445 रोजी आलं, मुलगी, तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं. दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली निळ्या गोलांतली लंगोट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं आहेत, त्यांची चित्रं सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिली असतील. आडनावं: इन्नोचेंती, देल्यी इन्नोचेंती, नोचेंतिनी. तिथल्या संग्रहालयात मुलांबरोबर ठेवलेल्या खुणा आहेत, अर्धी कापलेली नाणी, तुटकी पदकं. उरलेला अर्धा आईकडे, कधी काळी परत येऊन जुळवायला. ती छायाचित्रं बघून दुपारी काम झालं नाही.

मिलान: फ्रान्चेस्को स्फोर्झाने 1456 मध्ये स्थापलेलं मोठं इस्पितळ, बोधचिन्ह कबुतर. मुलं ‘कोलोम्बिनी’, आडनाव कोलोम्बो. रोम: लॅटिन ‘प्रोयेक्तुस’, फेकलेला, त्यावरून प्रोयेत्ती. हा शब्द एस्पोसितोपेक्षा कितीतरी कठोर, आणि रोमचा लाडका नट जीजी प्रोयेत्ती तेच नाव घेऊन वावरला. बोलोन्या: देल्यी एस्पोस्ती. सियेना: इस्पितळाची खूण शिडी, म्हणून स्काला. रोमच्या सांतो स्पिरितो इस्पितळाशी पोप इनोसंट तिसऱ्याची कथा जोडलेली आहे, तिबेर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी तान्ही मुलं येऊ लागली म्हणून त्याने 1198 च्या सुमारास सोय केली. कथा म्हणून लिहून ठेवली.

भाचेजावयाला एक गोष्ट ठासून सांगितली. कोलोम्बो दिसला की अनाथ, असं समजायचं नाही. कोलोम्बो हे मध्ययुगात साधं व्यक्तिनामही होतं, कबुतरं पाळणाऱ्यालाही तसं म्हणत. जेनोव्हाच्या कोलंबसचा मिलानच्या इस्पितळाशी काही संबंध नाही. दिओताल्लेवी, म्हणजे ‘देव तुला वाढवो’, हेही नाव लोक सर्रास अनाथांच्या खात्यात टाकतात, पण आईबापांनी हौसेने ठेवलेल्या शुभेच्छेच्या नावांतही ते येतं. आडनावाचा अर्थ कळला म्हणजे त्या घराचा इतिहास कळला असं होत नाही, आणि एस्पोसितो हा त्यातल्या त्यात पक्का शब्द असूनसुद्धा तो फक्त एका माणसाबद्दल, एका दिवसाबद्दल बोलतो.

3 जून

दक्षिणेकडचे भाऊबंद: देस्पोसितो (सोर्रेंतोकडे जास्त), स्पोसितो (सिसिली, कालाब्रिया). स्पेनमध्ये एक्स्पोसितो. तिथे 1794 मध्ये राजा चौथ्या कार्लोसने अशी मुलं कायद्याने औरस मानावीत असा हुकूम काढला, तरी नाव बोचत राहिलंच.

18 जून

आता प्रत्यक्ष कागद.

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी ‘अंतेनाती’ (पूर्वज) नावाचं संकेतस्थळ केलंय. जन्म-विवाह-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची पानं फुकट बघता येतात. आपल्याकडे असं कधी होईल तो सुदिन. नापोलीत मुलकी नोंदणी 1809 पासून, नेपोलियनच्या लोकांनी आणली आणि तिथले आधीचे बूर्बाँ राजे परत आल्यावरही त्यांनी चालू ठेवली. उत्तरेत पुष्कळ ठिकाणी ती तुटली, एकसंध देशाची नोंदणी 1866 ची. म्हणून दक्षिणेतल्या माणसाचा शोध घेणं उलट सोपं जातं. त्याच्याही आधीचं हवं असेल तर चर्च. कॅथलिक चर्चच्या त्रेंतो परिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे वस्तीच्या चर्चला, सक्तीच्या केल्या.

अक्षर सरकारी आहे, म्हणजे वाईट आहे पण नियमाने वाईट आहे. दोन-चार पानांत हात ओळखीचा होतो. जन्मनोंदीचं पान दोन रकान्यांचं, डावीकडे जन्म, उजवीकडे बाप्तिस्म्याची तारीख. शिकलेल्या दोन युक्त्या लिहून ठेवते, पुढे कोणाला लागतील.

पहिली: नावानंतर ‘दी’ असेल तर बाप हयात, ‘फू’ असेल तर वारलेला. ‘दी जेन्नारो’, ‘फू जेन्नारो’. या दोन अक्षरांवरून मृत्यूची नोंद कुठल्या वर्षांत शोधायची हे ठरतं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देण्याची पद्धत असल्याने एका गल्लीत एकाच वेळी कितीतरी जेन्नारो एस्पोसितो असतात. बायको कोण हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बायका नोंदीत माहेरच्या आडनावानेच राहतात, ही मोठी सोय. आमच्या कुलवृत्तांतात सुना ‘सौ.’ होऊन आल्या आणि माहेर पुसलं गेलं. आपल्या बाजूचा कागद करताना मलाच त्याचा त्रास होतो आहे.

दुसरी: लग्नाची जोडपत्रं, ‘प्रोचेस्सेत्ती’. लग्नासाठी वर-वधूला आपल्या जन्माचा दाखला द्यावा लागे. बाप वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, कधी आजोबाचाही. 1820-30 च्या लग्नातला नवरदेव 1809 च्या आधी जन्मलेला असेल, तर त्याचा दाखला चर्चच्या वहीतून उतरवलेला. म्हणजे मुलकी दप्तरातच चर्चचं पान मिळतं. फेरफाराला जोडलेले जुने कागद बघायची सवय होती, त्यामुळे हे गठ्ठे पाहून हायसं वाटलं.

30 जून

खापरपणजोबांच्याही मागे पोचले. साखळी अशी: भाचेजावयाचे आजोबा 1960 च्या दशकात नापोलीजवळून तोरिनोला, मोटारींच्या कारखान्यात कामाला. त्यांचे वडील, आजोबा सगळे एका गावचे. तिथून मागे 1830 च्या दशकातलं एक लग्न सापडलं आणि त्याच्या जोडपत्रात चर्चचा उतारा. नवरदेवाच्या बापाचं आडनावही एस्पोसितोच. म्हणजे चाकातून आलेला माणूस त्याच्याही आधीचा.

आणि ते तसंच असायला हवं होतं. जोआकिम म्युरा, नेपोलियनचा मेहुणा, 1808 ते 1815 नापोलीचा राजा होता. त्याच्या राजवटीत सापडलेल्या मुलांना एस्पोसितो आडनाव द्यायला बंदी झाली, जन्मभर कपाळावर शिक्का नको म्हणून. पुढे कारकून प्रत्येक मुलाला वेगळं आडनाव शोधून देऊ लागले. मुलकी नोंदणी त्याच राजवटीतली, 1809 ची. नोंदी सुरू व्हायला आणि आडनाव बंद व्हायला जेमतेम एक गाठ पडली. त्यामुळे नापोलीच्या जवळजवळ कुठल्याही एस्पोसितो घराचा पहिला माणूस मुलकी वह्यांत सापडणार नाही, तो चर्चच्या नाहीतर अन्नुन्झियाताच्या वह्यांतच असणार. त्या वह्या सतराव्या शतकापासूनच्या आहेत, पण त्या संकेतस्थळावर नव्हे, नापोलीतच.

एका गोष्टीचं बरंही वाटलं. आज एस्पोसितो नाव लावणारा माणूस म्हणजे किमान दोनशे वर्षं आईबापांच्या घरात वाढलेल्या माणसांचा वारस.

9 जुलै

भाचेजावयाच्या वडिलांशी व्हिडिओ कॉल, भाची दुभाषी. अर्थ त्यांना माहीत होता! म्हणाले, नापोलीत सगळ्यांनाच माहीत असतो, कोणी बोलत नाही, कारण वर्गात निम्मे तेच असतात. लाज वाटली ती तोरिनोत. त्यांचे वडील आले तेव्हा ‘दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही’ अशा पाट्या होत्या. घंटीखाली एस्पोसितो लिहिलं की माणूस नापोलीचा हे घरमालकाला वरूनच कळे. अनाथ वगैरे कोणाच्या डोक्यातही येत नसे, ‘नापोलीचा’ एवढंच पुरे होतं. सिंहाची ढाल त्याच काळात घेतलेली.

हे माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा मोलाचं. नापोलीत मुलाने वाचलं तर नाव नेहमीचं, कारकुनाने वाचलं तर शेरा, तोरिनोच्या घरमालकाने वाचलं तर पत्ता. व्युत्पत्तीच्या कोशात यातला एकच अर्थ असतो.

त्या ढालीबद्दल मी विचारलं नाही, तेच म्हणाले, “ते सोडा, ते बाजारातलं आहे.” इटलीच्या 1948 च्या संविधानाने सरदारकीच्या पदव्या मान्य करणंच थांबवलं. पण ढाली विकणारी दुकानं कुठल्याही आडनावाला ढाल देतात, मागाल ते जनावर घालून.

21 जुलै

कायद्याची बाजू, थोडक्यात. ‘आईबाप अज्ञात’ ही नोंद ओळखपत्रांवर आणि दाखल्यांवर मिरवण्याची पद्धत 1955 च्या कायद्याने मोडली. 2000 च्या नागरी नोंदणी नियमांत स्पष्ट म्हटलंय की आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याचा जन्म उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येणार नाही. इतिहासप्रसिद्ध घराण्याचंही नाही, आणि गावातल्या नामांकित घरांचंही नाही. म्युराने सुरू केलेली गोष्ट अशी पूर्ण झाली.

आणि बाळासाठी कामाचं: 2022 मध्ये इटलीच्या संविधान न्यायालयाने बापाचंच आडनाव आपोआप लागण्याची रीत घटनाबाह्य ठरवली. आता आईबापांनी वेगळं ठरवलं नाही तर दोघांचीही आडनावं लागतात, क्रम दोघांनी मिळून ठरवायचा. भाचीने क्रम ठरवला आहे, तिच्या सासऱ्यांना अजून सांगितलेला नाही.

11 ऑगस्ट

कागदाचा मसुदा. आमची बाजू: गाव, नदी, देवी, वतन, पुण्याला कधी आले. त्यांची बाजू मी पाच वाक्यांत बसवली होती, त्यात ‘टाकलेलं मूल’ असे शब्द होते. भाचेजावयाच्या वडिलांनी तेवढे बदलायला सांगितले. त्यांचं म्हणणं, टाकायचं असतं तर रस्त्यावर टाकता आलं असतं, चाकात ठेवलं म्हणजे कोणीतरी उचलावं म्हणून ठेवलं. युक्तिवाद बिनतोड. मसुद्यात आता ‘अन्नुन्झियाताच्या चाकात ठेवलेलं मूल’ आहे. साल लिहिलं नाही, ‘1809 च्या आधी’ एवढंच. खोटी नेमकी तारीख घालण्यापेक्षा हे बरं.

कुलवृत्तांतासारखा वंशवृक्ष दोन्ही बाजूंना काढायचा भाचीचा हट्ट होता. काढला. आमचा वर जाऊन एका मूळपुरुषापाशी थांबतो. हा मूळपुरुष कुलवृत्तांताच्या संपादकांनी कसा ठरवला, याबद्दल माझं मत मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही. त्यांच्या झाडाचा सर्वांत वरचा चौकोन रिकामा ठेवला आहे.

19 ऑगस्ट

भाचेजावयाच्या आत्यांकडून एका जुन्या पाकिटाचा फोटो आला. आत पॅरिशचा दाखला, पुसट, पण चर्चचं नाव वाचता येतं. हे चर्च आमच्या साखळीतल्या गावचं नाही, नापोली शहरातलं आहे. म्हणजे कुटुंब गावात यायच्या आधी शहरात होतं, आणि अन्नुन्झियाता फार लांब नाही.

पॅरिशला इटालियनमध्ये पत्र तयार केलं, भाचेजावयाने तपासलं आणि ‘आदरणीय’ दोनदा घातलं. तीन गोष्टी मागितल्या आहेत: 1830 च्या दशकातल्या नवरदेवाच्या बापाच्या बाप्तिस्म्याचा उतारा, त्याच्या लग्नाची नोंद, आणि बाप्तिस्म्याच्या समासात काही शेरा असल्यास त्याचा फोटो. समासाचं मुद्दाम लिहिलं, कारण अशा नोंदीत कामाचं काही असेल तर ते बहुधा समासातच असतं आणि नक्कल करणारे नेमकं तेच गाळतात. ऑगस्टात इटली सुट्टीवर असते, उत्तर सप्टेंबरच्या आत येणार नाही. कागद तोवर छापायला देते, चौकोन रिकामा ठेवूनच.